कोरड्या हंगामाचे सत्र : कर्जत-खालापुरातील माध्यमिक शाळांचे दिवाळी ते १ मे

कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाच्या दोन तालुक्यांत माध्यमिक शाळेचे वर्ष दोन सत्रांचे असते आणि ती दोन सत्रे पाऊस पाडतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडते तेव्हा मृग लागलेला असतो. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत मैदानावर चिखल, वाटेवरच्या वहाळांना पाणी आणि शेतात लावणी अशी स्थिती राहते. शाळेच्या चार भिंतींबाहेर जे काही करायचे ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सत्रावर ढकलले जाते. क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल, विज्ञान प्रदर्शन, प्रजासत्ताक दिनाची कवायत, स्काउट-गाइडची शिबिरे, शिष्यवृत्तीची परीक्षा, दहावीची परीक्षा आणि शेवटी वार्षिक परीक्षा हे सारे नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत दाटीवाटीने बसवले जाते. ही दाटी कशी होत गेली याच्या इतिहासात हवामान, भातशेती, रेल्वे, वीटभट्टी आणि परीक्षा मंडळ या सगळ्यांचा हात आहे.

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या ऐन पायथ्याशी आहेत. कर्जतमधून उल्हास वाहते, खालापुरातून पाताळगंगा. घाटमाथ्याला अडणारे ढग इथेच रिकामे होतात. कर्जतला वर्षाकाठी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच तालुक्यातील माथेरानला पाच हजारांच्या आसपास. सपाट जमीन म्हणून जी आहे ती बहुतेक भाताची खाचरे. त्यामुळे जुन्या काळी शाळेला स्वतःचे मैदान ही दुर्मीळ गोष्ट होती. भात कापून झोडणी झाली, खळी मोकळी झाली, पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या की शाळेशेजारचे एखादे खाचर मुलांना मिळे. धसकटे काढायची, ढेकळे फोडायची, पाणी मारून जमीन चोपायची आणि फक्कीने रेघा आखायच्या हे काम मुलेच करीत. बांधाने चारी बाजूंनी बंदिस्त असलेल्या लहान खाचरात कबड्डीचे मैदान नीट बसते. खो-खोला सत्तावीस मीटरची लांबी लागते. ती तशा खाचरात मावत नाही, मध्ये बांध येतो. शाळा कोणता खेळ खेळणार, याचा निर्णय अनेकदा असा जमिनीच्या तुकड्यानेच करून टाकला.

प्रशासनाच्या दृष्टीने हा मुलूख बराच काळ हलता राहिला. कर्जत आधी ठाणे जिल्ह्यात होता. १८९१ मध्ये तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला. खालापूर हा त्या वेळी कर्जत तालुक्याचाच पेटा होता. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग समुद्रकाठी आणि दूर. त्या मानाने रेल्वेने जोडलेली मुंबई आणि पुणे ही शहरे जवळची. कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाट फुटल्यावर गाडी कर्जतवरून थेट पुण्याला जाऊ लागली. शिक्षणाच्या वाटाही याच रुळांवरून गेल्या.

एकोणिसाव्या शतकात या भागातल्या मुलाच्या शिक्षणाचे टोक म्हणजे मराठी सातवी, अर्थात व्हर्नाक्युलर फायनल. ती उत्तीर्ण झालेला मुलगा मास्तर किंवा तलाठी होऊ शके. इंग्रजी शिकायचे तर गाव सोडावे लागे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि शतकाच्या उत्तरार्धात ही परीक्षा साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरात होत असे. म्हणजे परीक्षेची धास्ती पावसाळ्याच्या अखेरीस यायची आणि हिवाळा-उन्हाळा त्या मानाने मोकळा राहायचा. विसाव्या शतकात ही परीक्षा मार्चमध्ये आली. बाहेरच्या उपक्रमांसाठी जो एकमेव कोरडा काळ होता त्याच्या मधोमध परीक्षा येऊन बसली, आणि या दोन तालुक्यांतल्या शाळांना तिच्या आजूबाजूने वाट काढावी लागली. पुढच्या सगळ्या ओढाताणीचे मूळ बरेचसे इथे आहे.

गाव सोडून शिकणाऱ्या पिढीतले सर्वांत मोठे नाव विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचे. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका नाभिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पुढील शिक्षणासाठी त्यांना पुण्याला जावे लागले. कायद्याची पदवी घेऊन ते परतले आणि भाई कोतवाल म्हणून ओळखले जाऊ लागले. शेतकऱ्यांना सावकारापासून वाचवण्यासाठी त्यांनी धान्यकोठाराची योजना चालवली आणि कर्जत तालुक्यातील खेड्यापाड्यांत स्वयंसेवी शाळा उघडल्या. ज्या गावांत सरकारी शाळा नव्हती तिथे गावातल्याच थोड्या शिकलेल्या तरुणाने बाकीच्यांना शिकवायचे, अशी ही रीत होती. तिला ना इमारत लागे ना घंटा. शेतीच्या कामातून माणूस मोकळा होईल तेव्हा शाळा भरवता येई, म्हणून या मुलखाच्या ऋतुचक्रात ती सहज बसली. नंतर आलेल्या कोणत्याही सरकारी वेळापत्रकाला हे इतके साधलेले दिसत नाही.

शाळेच्या दिनक्रमात खेळ आणि कवायत यांना हक्काची जागा मिळाली ती १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर. त्याच वर्षी वर्ध्याला मूलोद्योग शिक्षणाची परिषद झाली आणि टकळी, चरखा, बागकाम हे शब्द शाळेत शिरले. १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली. तिथे तयार झालेले शिक्षक हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. तोवर महाराष्ट्रात हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांचे नियम छापील झाले होते आणि लेझीम, डंबेल्स, घुंगुरकाठी, मानवी मनोरे हा सामुदायिक कवायतीचा संच ठरून गेला होता. खर्च जवळजवळ नाही आणि शंभर मुले एकदम सामावतात, म्हणून लेझीम खेड्यातल्या शाळांना फार मानवली. डिसेंबरच्या मध्यापासून रोज शेवटचे दोन तास लेझमीचा सराव आणि २६ जानेवारीला गावासमोर सादरीकरण, ही पद्धत १९५० नंतर इतकी रुजली की दुसऱ्या सत्राची खरी सुरुवात हलगीच्या पहिल्या थापेने होते असे म्हणता येईल.

१९४२ च्या आंदोलनाने या सत्राला एक कायमचा दिवस दिला. भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. ही वीज याच परिसरात तयार होत होती : टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले होते. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखेला सिद्धगडावर बलिदान दिन पाळला जातो. नेरळला हुतात्मा चौक आहे. नाताळ आणि प्रजासत्ताक दिन यांच्यामध्ये येणारी ही तारीख प्रभातफेरी, वक्तृत्व स्पर्धा आणि निबंधाच्या विषयांतून शाळांच्या वहीत टिकून आहे. खालापूरच्या बाजूला अशीच तारीख २ फेब्रुवारी. १६६१ मध्ये त्या दिवशी शिवाजी महाराजांनी उंबरखिंडीत कारतलबखानाच्या सैन्याला कोंडून शरण यायला लावले. खोपोली-पाली मार्गाजवळच्या चावणी गावी त्या लढाईचे स्मारक आहे. चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचे गाव तर मुंबई-पुणे रस्त्यावरच आहे. पुस्तकातला चौथीचा इतिहास पायी चालून पाहता यावा, असे भाग्य फार थोड्या तालुक्यांच्या वाट्याला येते.

स्वातंत्र्यानंतर वीस-पंचवीस वर्षांत सत्राचा आजचा साचा तयार झाला. १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेत पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांना शिक्षणाचाच भाग मानण्याचा आग्रह धरला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. माध्यमिक शाळा मात्र मुख्यतः स्थानिक शिक्षणसंस्थांनी काढल्या आणि चालवल्या. कर्जतचे अभिनव ज्ञान मंदिर, नेरळचे विद्या मंदिर, खोपोलीचे जनता विद्यालय ही नावे या भागात शाळेपुरती राहिली नाहीत. मुलाची ओळख विचारताना ‘कुठल्या शाळेचा?’ हा प्रश्न ‘कुठल्या गावचा?’ या प्रश्नाइतकाच अर्थपूर्ण झाला. खोपोलीत पोलाद, कागद आणि इतर मालाचे कारखाने आले तसे कामगारांच्या मुलांनी वर्ग भरले. घाटावरून, देशावरून आलेली कुटुंबे आपल्याबरोबर आपले खेळ आणि सण घेऊन आली, आणि शाळेच्या कबड्डी संघात आगरी, मराठा, ठाकर आणि कामगार वस्तीतली मुले एकत्र दिसू लागली.

सरावाच्या वेळेवर दोन गोष्टींची सत्ता होती, सूर्यास्ताची आणि गाडीची. कर्जत-खोपोली हा एकेरी मार्ग. त्यावर पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही लहान स्थानके. या गावांची मुले लोकलने येत-जात, आणि एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी बराच वेळ फलाटावर बसावे लागे. म्हणून शाळेचा सराव शिट्टी वाजून संपत नसे, गाडीच्या वेळेला संपे. दूरच्या वाड्यांतल्या मुली तर सरावाला थांबतच नसत. मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत करण्याचा राज्याचा निर्णय १९८० च्या दशकातला. त्यानंतर अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास आला आणि मुलींचे संघ तालुक्याच्या स्पर्धांत नियमाने उतरू लागले. खेळाच्या प्रसारात बसच्या पासाचा वाटा क्रीडासाहित्यापेक्षा कमी नाही.

स्नेहसंमेलन ही मूळची महाविद्यालयांची प्रथा. मुंबई-पुण्याहून ती ‘गॅदरिंग’ या नावानेच खेड्यात आली. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा जानेवारीत, थंडी असताना आणि भात घरात आलेले असताना ते होते. या काळात गावाच्या हातात थोडा पैसा असतो आणि संध्याकाळी सवडही असते. बाके जोडून किंवा पिंपांवर फळ्या टाकून रंगमंच, मागे कनात, बाजूला तट्ट्या, पुढे सतरंज्या. अनेक ठिकाणी पेट्रोमॅक्सच्या उजेडात कार्यक्रम चाले. खोपोली-भिवपुरीची वीज मुंबईच्या गिरण्या आणि गाड्या चालवत होती. वीजगृहांच्या आसपासच्या वाड्यांत ती पोहोचायला मात्र अनेक दशके गेली. संमेलनात एक नाटुकले, काही नकला, कोळीनृत्य, शेतकरी नृत्य आणि ठाकर नृत्य हा क्रम बहुतेक ठरलेला. यातले ठाकर नृत्य या तालुक्यांचे स्वतःचे. ढोलाच्या ठेक्यावर धरलेला तो फेर शहरातून भाड्याने आणलेल्या पोशाखांत बसवला की शोभेचा होतो. वाडीतल्या मुलामुलींनी घरच्याच वस्त्रांत धरला की त्याची लय पार बदलते. काही शिक्षकांनी ही गोष्ट ओळखून वाडीतल्या जाणत्या माणसालाच तालीम घ्यायला बोलावले, आणि मुलांच्या आजोबांना शाळेत गुरू म्हणून उभे राहण्याचा मान मिळाला. सांस्कृतिक कार्यक्रम या भपकेबाज नावाखाली झालेले हे सर्वांत चांगले काम होय.

सहलीचा इतिहास रस्त्यांबरोबर गेला. १९४८ मध्ये राज्य परिवहनाची सेवा सुरू झाली आणि पुढे शाळांना सहलीसाठी अर्ध्या भाड्यात लाल गाडी मिळू लागली. रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर ही दोन दिवसांची सहल हे दहावीच्या वर्षाचे शिखर ठरले. त्याआधी आणि त्याबरोबर पायी सहल होतीच. कोंढाणे लेणी, कोथळीगड, पेबचा किल्ला, खांडसवरून भीमाशंकर, नेरळहून चढून माथेरान अशा एका दिवसात होणाऱ्या जागा हाताशी होत्या. माथेरानची छोटी गाडी १९०७ पासून धावते, पण तिचे तिकीट पर्यटकांसाठी. शाळेची मुले रुळांच्या कडेने चालतच वर गेली. कर्जतच्या भात संशोधन केंद्राला भेट हा आणखी एक जुना रिवाज. १९१९ साली सुरू झालेल्या या केंद्राने ‘कर्जत’ हे नाव भाताच्या जातींना दिले आणि कर्जत-३ सारख्या जातींमुळे ते कोकणभर शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. आपल्या गावाचे नाव बियाण्याच्या पिशवीवर वाचणे हा मुलांना शिकवण्याजोगा धडा होता. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि २०१३ मध्ये खालापूर तालुक्यात इमॅजिका हे मनोरंजन उद्यान उघडले. आता जानेवारी-फेब्रुवारीत राज्यभरातून शाळांच्या गाड्या खालापुरात येतात आणि ‘शैक्षणिक सहल’ या शब्दातला पहिला भाग फार क्षीण झाला आहे. मुंबईतल्या शाळांची निवासी शिबिरे कर्जतच्या फार्महाउसांवर भरतात. तिथे शहरी मुलांना नांगर, बैलगाडी आणि चुलीवरची भाकरी दाखवली जाते, आणि दाखवणारा माणूस पुष्कळदा शेजारच्याच वाडीतला पालक असतो.

परीक्षेने सत्राचा आकार दोनदा बदलला. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा एसएससीने घेतली. १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळ स्थापन झाले. तोवर माध्यमिक शाळा अकरावीपर्यंत होती. १०+२+३ हा आकृतिबंध आल्यावर मार्च १९७५ मध्ये पहिली दहावीची परीक्षा झाली आणि शाळेचे एक पूर्ण वर्ष कमी झाले. त्याचा परिणाम गुणपत्रिकेपेक्षा मैदानावर आधी दिसला. अकरावीतली सतरा वर्षांची उंच, कसलेली मुले कवायतीचे नायक, संघाचे कर्णधार, संमेलनाचे व्यवस्थापक असत; ती शाळेतून नाहीशी झाली. दहावीच्या मुलांना जानेवारीनंतर कशातच घ्यायचे नाही असा अलिखित नियम झाला. सकाळी सातपासून ज्यादा तास आणि रात्री शाळेतच अभ्यासिका सुरू झाली. दूरच्या वाडीतली मुले अंथरूण घेऊन फेब्रुवारीभर वर्गातच मुक्कामाला असत, शिक्षक आळीपाळीने सोबतीला. घरी उजेड नाही, एका खोलीत सहा माणसे, अशा मुलांना या अभ्यासिकांनी दहावी पार करून दिली. उपक्रम मात्र नवमाही चाचणीसारखे आटोपते घेण्याची गोष्ट ठरले आणि सगळी गर्दी डिसेंबरच्या चार आठवड्यांत कोंबली गेली. क्रीडास्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग अशी शिडी, विज्ञान प्रदर्शन, सहल आणि संमेलन एकाच महिन्यात आले की वीस शिक्षकांच्या शाळेत वर्ग सांभाळायला माणूस उरत नाही. शिष्यवृत्तीच्या परीक्षा चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीकडे २०१६-१७ मध्ये गेल्या तेव्हा माध्यमिक शाळेच्या कामात आणखी भर पडली.

मार्च लागला की सकाळची शाळा सुरू होते. समुद्रावरचा वारा या खोलगट भागात पोहोचेपर्यंत तापतो आणि दुपारचा पारा चाळीस अंशांवर जातो. पत्र्याच्या छताखाली बसणे अशक्य होते. सात-साडेसातला भरणारी आणि अकरा-साडेअकराच्या सुमारास सुटणारी ही शाळा सत्रातला सर्वांत विलक्षण भाग आहे, कारण तिच्यानंतरचा सारा दिवस मुलांच्या हाती येतो. या दिवसांत खाचरांत राब भाजला जातो : पालापाचोळा, शेण, कवळ यांचे थर पसरून जाळायचे आणि त्या राखेवर पुढे भाताची रोपे टाकायची. त्यासाठी डोंगरातून कवळ तोडून आणणे हे मुलांचे काम. शिमग्याचे आठ दिवस हजेरी पडते; कोकणातल्या कोणत्याही शाळेने ते रोखण्याचा प्रयत्न मनापासून केलेला नाही. एप्रिलमध्ये करवंदे, मग जांभळे. पळसाच्या पानांच्या द्रोणांत ती मांडून ठाकर बायका नेरळ आणि कर्जतच्या स्थानकांवर बसतात, आणि शेजारी हिशेब ठेवायला सातवी-आठवीतली मुलगी असते. सुटे पैसे मोजून देण्याचे तिचे गणित वार्षिक परीक्षेतल्या पेपरापेक्षा पक्के असते. दुसरे काम पाण्याचे. साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यांतल्या अनेक वाड्यांत एप्रिल-मेमध्ये डवऱ्यातून वाटीने पाणी भरावे लागते किंवा टँकरची वाट पाहावी लागते. खालापुरातल्या मोरबे धरणाचे पाणी याच काळात नवी मुंबईला जात असते. जूनमध्ये हरित सेनेने लावलेली शाळेची रोपे एप्रिलमध्ये मरतात त्याचेही कारण हेच. सुट्टीत त्यांना पाणी घालणारे कोणी नसते आणि घालायला पाणीही नसते.

हे सत्र काही मुलांपुरते मात्र कधी सुरूच झाले नाही. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, आणि तिची सर्वांत मोठी वस्ती रायगड जिल्ह्यात आहे. जमीन नावावर नाही, जंगलातला कोळशाचा धंदा कायद्याने बंद झालेला, म्हणून दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुले बरोबर जातात, कारण वाडीत त्यांच्यासाठी कोणी उरत नाही. भट्टीचा हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र एकमेकांवर तंतोतंत बसतात. पाऊस नसतो तेव्हाच वीट सुकते आणि तेव्हाच मैदानही सुकते. म्हणून शाळेने जे जे आनंदाचे म्हणून केले, लेझीम, संमेलन, सहल, बक्षीस समारंभ, ते कातकरी मुलाच्या गैरहजेरीत झाले. त्याच्या वाट्याला लावणीच्या दिवसांतली ओली, अंधारी, घोकंपट्टीची शाळा आली. तो शाळा सोडतो तेव्हा ‘शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा मारण्याची पद्धत दीर्घकाळ होती. हा शेरा अन्यायाचा होता. ज्या शाळेची आवड लागावी ती त्याने पाहिलीच नव्हती.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. १९७० च्या दशकात राज्याने आदिवासी भागात निवासी आश्रमशाळांची योजना वाढवली. कर्जत तालुक्यात पाथरज, भालिवडी, कळंब येथे अशा शाळा आहेत आणि त्यांचा कारभार पेणच्या आदिवासी विकास प्रकल्पाकडे आहे. आश्रमशाळेत मूल राहते, म्हणून सराव गाडीच्या वेळेला थांबवावा लागत नाही आणि आईबाप भट्टीवर गेले तरी पट टिकतो. प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धांत धावण्याच्या शर्यती पाहिल्या की डोंगर चढण्याउतरण्याची रोजची सवय म्हणजे काय ते कळते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली, त्या रात्री वाडीतली जी मुले आश्रमशाळांत होती ती वाचली. दुसरा उपाय कामाच्या जागी शाळा नेण्याचा. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या. पुढे हंगामी वसतिगृहाची योजना आली : आईबाप गेले तरी मूल नातेवाइकांकडे किंवा शाळेतच राहील आणि जेवण मिळेल. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाल्यावर स्थलांतरित मुलाला मधूनच प्रवेश नाकारता येत नाही. पण हा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा, आणि माध्यमिक शाळेची शेवटची दोन वर्षे बरोबर त्याच्या पलीकडे पडतात. कातकरी मुले आठवीनंतर अचानक दिसेनाशी होतात, त्याचे एक कारण इथे शोधावे लागते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर राहिला होता. तो झालाच नाही. २०२१ ची दहावीची परीक्षाही रद्द झाली. दरम्यान ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांची छपरे उडवली होती. एक संपूर्ण दुसरे सत्र मोबाइलवर झाले, आणि डोंगरातल्या वाड्यांत जिथे रेंज नव्हती तिथे झालेच नाही. त्यानंतरच्या वर्षांत शाळांनी संमेलने आणि सहली पुन्हा सुरू केल्या त्या आधीपेक्षा मोठ्या हौसेने.

सत्राची अखेर मात्र नुकतीच पुन्हा हलली आहे. पूर्वी वार्षिक परीक्षा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरके, शेवटचे दोन आठवडे पेपर तपासण्यात जात आणि १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनानंतर निकाल वाटला जाई. २०२५ मध्ये राज्याने पहिली ते नववीच्या परीक्षांचे एकच वेळापत्रक काढले आणि त्या ८ ते २५ एप्रिल या काळात घ्यायला लावल्या. उन्हाच्या कडाक्यामुळे आणि निकालासाठी जेमतेम पाच दिवस उरल्यामुळे शिक्षक व पालकांनी राज्यभर विरोध केला. परीक्षा लवकर संपली की मुले शाळेत येत नाहीत, म्हणून ती शेवटी ठेवावी, असे शिक्षण विभागाचे म्हणणे होते. कर्जत-खालापुरात परीक्षेनंतरच्या या रिकाम्या पंधरवड्याचा उपयोग काही शाळा वाचनालय उघडे ठेवण्यासाठी, पोहण्याच्या वर्गासाठी आणि पुढच्या वर्षीच्या दहावीच्या तयारीसाठी करीत होत्या. आता तो पंधरवडा परीक्षेकडे गेला आहे. भट्टीवरची कुटुंबे मेच्या शेवटी परततात, त्यामुळे त्यांच्या मुलांना या बदलाचा लाभही नाही आणि तोटाही नाही. त्यांची नावे जूनमध्ये पुन्हा पटावर लिहिली जातात.